पावडरीवरची पावलं

४ मार्च

वन्सं,

तुम्हाला वन्सं म्हटलेलं आवडत नाही. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात तुम्ही मला बजावलं होतंत, "वहिनी, मला बाळी म्हण आणि तू म्हण, नाहीतर मी ओ देणार नाही." चौदा वर्षं मी बाळी म्हटलं. आता वन्सं म्हणते. ओ दिली नाहीत तरी चालेल.

तुमचं आमंत्रण मिळालं. कागद चांगला जाड आहे. बारा एप्रिलला मोठी समिती बसणार, पेशंटला पलंगावरून हलवायच्या तुमच्या उचलखुर्चीला मान्यता मिळणार, मग ती चाळीस हॉस्पिटलांत जाणार, आणि त्या दिवशी मी व्यासपीठावर चढून दोन शब्द बोलायचे. कोण म्हणून, तर "सह-रचनाकार" म्हणून. हा शब्द मी दोनदा वाचला. वॉर्डात मला मावशी म्हणतात. आम्हा सगळ्याजणींनाच मावशी म्हणतात. पेशंटला उचलायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची, भांडं द्यायचं, हे करते ती मावशी. मावशीची एकदम सह-रचनाकार झाले म्हणून आरशात जाऊन बघून आले. काही फरक दिसला नाही.

खाली तुम्ही पेनाने लिहिलंय, "थोरल्या मावशींबद्दलही दोन वाक्यं बोल. लोकांच्या मनाला भिडेल."

दोन वाक्यं काय, मी आत्ताच बोलते. थोरल्या मावशी तुमच्या खुर्चीमुळे पडल्या. तेविसाव्या दिवशी गेल्या.

तुम्ही त्या दिवशी वॉर्डात नव्हतात, मी होते. खुर्ची चाचणीसाठी येऊन नऊ दिवस झाले होते. चार नंबरच्या पलंगावरचे गृहस्थ चांगले भरभक्कम, कमरेखाली ताकद नाही. थोरल्या मावशींनी त्यांना समोरून काखेत हात घालून धरलं, मी गुडघ्यांपाशी. उठवलं, वळवलं, आणि बसवायच्या क्षणी खुर्ची मागे सरकायला लागली. ब्रेक मागच्या दांड्यावर, हाताशी. तिथे जायला तिसरा हात कुठून आणायचा? माझे दोन्ही हात त्यांच्या पायांत आणि थोरल्या मावशींचे दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे. त्यांनी सवयीने चाकापुढे पाऊल आडवं घालायला पाय पुढे केला, तर चाकांवरच्या तुमच्या त्या गुळगुळीत झाकणावरून पाऊल घसरलं. मग त्यांनी एकच केलं. स्वतः खाली गेल्या आणि त्या माणसाला अंगावर घेतलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. थोरल्या मावशींचं खुब्याचं हाड मोडलं.

मला एकच हवंय. ब्रेक पायाशी आणा आणि चाकांवरचं झाकण काढा. आम्ही पुठ्ठ्याची खुर्ची करून दाखवली होती, तशी करा. मग मी येईन, तुम्ही द्याल ती साडी नेसेन आणि म्हणाल ते बोलेन.

नाही केलंत, तर काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. पण मला सूड हवा आहे, हे लिहून ठेवते. रागाच्या भरात हा शब्द गेला असं समजू नका. विचार करून घातलाय.

तुमची वहिनी


१६ मार्च

वन्सं,

चार पानांचं उत्तर आलं. त्यात तीन पानं तुम्हाला किती वाईट वाटतंय याची आहेत, ती मी बाजूला ठेवली. चौथ्यावर मुद्द्याचं आहे. साचे तयार झालेत, आता बदल अशक्य. झाकण स्वच्छतेसाठी लागतं, तसं वरच्या लोकांचं म्हणणं आहे. वापरणाऱ्यांचं प्रशिक्षण कमी पडलं. आणि शेवटी, "वहिनी, ब्रेक हाताशी ठेवायचा हे मी मनाने ठरवलेलं नाही. ते संशोधनातून आलंय."

तर संशोधनाबद्दल बोलू.

तुम्ही पहिल्यांदा वॉर्डात आलात तो दिवस आठवतो ना? गळ्यात ओळखपत्र, हातात वही. मला मनातून इतकं बरं वाटलं होतं म्हणून सांगू. या नोकरीचा अर्ज तुम्हीच भरून दिला होतात. मी घाबरत होते, तर "वहिनी, तुला जमेल, मी सांगते ना," म्हणत ऑफिसच्या दारापर्यंत सोबत आला होतात. आता माझी नणंद माझ्या वॉर्डात येणार, माझं काम बघणार. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मिरवून घेतलं म्हणा ना.

आम्ही सातजणी कपड्यांच्या खोलीत बसलो होतो, चादरींच्या गठ्ठ्यांवर. तुम्ही संमतीचा कागद वाचून दाखवलात, कलम एक ते कलम अकरा. थोरल्या मावशींनी विचारलं, "संशोधन म्हणजे नेमकं काय करणार, बाई?"

तुम्ही म्हणालात, "तुम्ही काम कसं करता ते बघणार."

"बघून?"

"समजून घेणार. तुमच्या अडचणी काय, गरजा काय."

"आणि आम्ही काय करायचं?"

"काही नाही. मी नाहीच असं समजून रोजच्यासारखं काम करायचं."

थोरल्या मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नाहीच असं कसं समजणार? एवढ्या दिसताय की." सही करून त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेल्या.

मग अकरा दिवस तुमचा कॅमेरा वॉर्डात उभा होता. त्या अकरा दिवसांत आम्ही सहाजणींनी भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे काम केलं. आधी वाकून हाताने चाकाचा ब्रेक लावायचा, मग गुडघे वाकवायचे, मग पाठ ताठ. उचलायला मुद्दाम नऊ नंबरचे आजोबा निवडायचो. ते हलके होते आणि निम्मं काम स्वतःच करायचे. त्यांनाही कॅमेऱ्याची मजा वाटायची, रोज भांग पाडून बसायचे. तुम्ही खूश होतात. वहीत पानामागून पान भरत होतात.

दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा आलात, या वेळी पुठ्ठे, दोऱ्या, चिकटपट्ट्या घेऊन. थोरल्या मावशी एव्हाना कामावर परतल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "आज संशोधन तुम्ही करायचं. खुर्ची कशी हवी ते तुम्हीच बनवून दाखवायचं."

थोरल्या मावशींनी लगेच विचारलं, "मग आज बघणार कोण?"

सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. मला वाटतं त्या दिवसात तेवढंच तुम्हाला नीट ऐकू आलं.

कारण हसून झाल्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "बाई, यांनी तुम्हाला फिल्ममध्ये दाखवलं ते साहेब आल्यावरचं काम. खरं काम तसं नसतं. पेशंट आपण ठरवू त्या जागी बसत नाही. खुर्ची शेवटच्या क्षणाला वीतभर पुढेमागे करावी लागते, ती आम्ही गुडघ्याने करतो आणि मग चाकापुढे पाऊल घालून थोपवतो. आधी ब्रेक लावून कसं चालेल?"

तुम्ही विचारलंत, "नेहमीच पाऊल?"

त्या म्हणाल्या, "तोंडी कशाला सांगू?"

आणि त्यांनी पाठीच्या व्रणांना लावायची पावडर मागवली, डबाभर फरशीवर पसरली, पुठ्ठ्याची खुर्ची मध्ये ठेवली आणि मला पेशंट केलं. एकेक जोडी आली, चपला काढून, आणि मला उचलून बसवून गेली. मी चांगली हादरले त्या दिवशी. शेवटी एकीला माझ्या जागी बसवून मीही उचललं, आणि सगळ्यांचं झाल्यावर खाली बघितलं. सातजणींची उजवी पावलं एकाच जागी आडवी उमटली होती, एकावर एक. थोरल्या मावशींनी वॉर्डातल्या मोडक्या कचऱ्याच्या डब्याचं पायडल पान्याने काढलं, बरोब्बर त्या जागी खुर्चीला बांधलं आणि म्हणाल्या, "ब्रेक इथे."

तुमची टेप चालू होती. पुढचं वाक्य त्यांनी टेपकडे बघून म्हटलं, म्हणजे पत्र टाकतात तसं. "हात दोन्ही माणसात अडकलेले असतात, थांबवायला पायच उरतो."

वन्सं, मला दहावीच्या पुढे शिकता आलं नाही. पण प्रश्न होता, तो स्वतः करून तपासला, पुरावा जमिनीवर उमटला आणि त्यावरून निर्णय झाला. याला संशोधन म्हणत नसतील तर कशाला म्हणतात ते मला समजावून सांगा.

तुम्ही त्या पावलांचा फोटो काढलात. काल तुमची छापील पुस्तिका मिळाली, तर तोच फोटो मुखपृष्ठावर. खाली लिहिलंय, "प्रेरणा". आत पान सव्वीस उघडलं. ते मी तोंडपाठ केलंय:

"सहभागींच्या बोलण्यात आणि प्रत्यक्ष वागण्यात तफावत आढळली. प्रत्यक्ष वागणं ग्राह्य धरलं."

म्हणजे आम्हाला चोरून बघितलं असतंत तरी परवडलं असतं. समोर बसवून, पुठ्ठे कापायला लावून, टाळ्या वाजवून आमच्या तोंडाला पानं पुसलीत. आमच्या कपाळी "सहभाग" आणि तुमच्याकडे "संशोधन", अशी वाटणी तुम्ही आधीच करून आला होतात.

वहिनी


२७ मार्च

वन्सं,

परवा तुम्ही फोनवर यांना म्हणालात, "वहिनीला हे काम कळत नाही, दादा. तिला भावनेच्या पलीकडे जाता येत नाही." हे समोरच्या खोलीत बोलत होते, आणि तुमच्या दादांना फोन कानापासून लांब धरून बोलायची सवय आहे.

तर भावनेच्या पलीकडे जाऊन लिहिते. तुम्ही आम्हाला अकरा दिवस बघितलंत. थोरल्या मावशी आमच्याच वॉर्डात, नऊ नंबरच्या पलंगावर तेवीस दिवस होत्या. त्या तेवीस दिवसांत तुम्ही अकरा वेळा आलात. मी तारखा लिहून ठेवल्या आहेत, औषधाच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला. हा माझा अहवाल.

सहभागी एक. स्त्री. पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसते, हात हातात घेते. डोळ्यांत पाणी येतं, ते खरं असतं. पहिल्या भेटीत सफरचंदं आणली. पेशंटला दात नाहीत हे बघितलं नव्हतं. कूस बदलायची वेळ झाली की खिडकीपाशी जाऊन उभी राहते. अकरा भेटींत एकदाही चादरीचं टोक धरलं नाही. पेशंट म्हणाली, "मला त्या खुर्चीत घालू नका," तेव्हा ऐकू न आल्यासारखं केलं. आम्ही पेशंटला चादरीच्या झोळीतून उचललं, त्याचा फोटो मात्र काढला. सातव्या भेटीत कपड्यांच्या खोलीत माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "वहिनी, मी हे दुरुस्त करीन. तुझी शपथ."

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छपाईची तारीख आहे. ती नवव्या भेटीनंतरची आहे. अपघाताबद्दल तिच्यात एक ओळ आहे. "चाचणीदरम्यान एक कर्मचारी घसरून पडली. रुग्ण सुरक्षित."

निष्कर्ष: सहभागीच्या बोलण्यात आणि प्रत्यक्ष वागण्यात तफावत आढळली. प्रत्यक्ष वागणं ग्राह्य धरलं.

कसं वाटतं, वन्सं? असंच वाटतं आम्हाला. आपल्याबद्दल खोटं एक अक्षर नाही आणि तरी आपण त्यात नाही. मला हे लिहिताना फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दुपारची ड्यूटी संपवून आले, हातपाय धुतले, आणि जेवायच्या आधी हे लिहायला बसले.

पण आता इथपर्यंत आले आहे तर दुसरंही लिहायला हवं. चार दिवस पेन हातात घेऊन खाली ठेवत होते.

फिल्मसाठी तक्त्याप्रमाणे काम करा, असं सगळ्यांना मी सांगितलं होतं.

तुम्ही शब्द दिला होतात की फिल्म मेट्रनना दाखवणार नाही. बाकीच्यांचा तुमच्यावर विश्वास बसला होता. माझा नव्हता. घरचं माणूस म्हणून त्या मला विचारायला आल्या, "तुझी नणंद आहे, तू सांग, खरं करून दाखवायचं का?" आणि मी म्हणाले, "नको. आज नाही दाखवली तरी उद्या दाखवतील. पोटापाण्याचा प्रश्न आहे. पुस्तकातलं करा." पाय घालून चाक थोपवताना मेट्रननी पकडलं की लेखी समज मिळते, ती मला एकदा मिळाली होती. आणखी एक कारण होतं. तुमच्या फिल्ममध्ये मी नीटनेटकी दिसायला हवी होते. माझी नणंद बघणार होती ना.

तुम्ही शब्द पाळलात. मेट्रनना आजतागायत फिल्म दाखवली नाहीत, हे मी चौकशी करून पक्कं केलंय.

म्हणजे तुमच्या वहीत पहिलं खोटं मी घातलं. थोरल्या मावशी रजेवर नसत्या तर त्यांनी मला ते करू दिलं नसतं. परत आल्यावर त्यांना कळलं, तर मला ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "चुकलीस, पोरी. आता सांगून टाकू." आणि तुम्हाला भर बैठकीत सांगून टाकलं. फक्त कोणी शिकवलं ते सांगितलं नाही, मला पाठीशी घातलं. पुठ्ठ्याची खुर्ची, पावडर, पायडल, तो सगळा खटाटोप माझी चूक निस्तरण्यासाठी होता. मी कामाला आले त्या दिवसापासून त्या मला शिकवत होत्या. माणूस कसा उचलायचा, त्याला लाज वाटणार नाही असं कसं पुसायचं, उलटी झाली तरी तोंड कसं वाकडं करायचं नाही. शेवटी माझ्याच चुकीखाली त्यांचं हाड मोडलं. हे मला रोज जेवताना आठवतं.

म्हणून माझा राग तुमच्यावर कमी व्हायला हवा होता. झाला नाही. मी खोटं दाखवलं, पण आम्ही ते सांगितलंही. तुमच्यापुढे दोन गोष्टी होत्या, भीतीने केलेलं काम आणि भीती सोडून बोललेलं वाक्य. तुम्ही त्यातलं भीतीचं उचललंत, कारण ते तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. आम्ही बघितलेलं तुमच्या लेखी बघितलेलं नव्हतंच.

पाच एप्रिलपर्यंत थांबते. तुम्ही स्वतः समितीला लिहा, की ब्रेक चुकीच्या जागी आहे, तो कुठे हवा ते मावशींनी तुम्हाला सांगितलं होतं, आणि खुर्ची बदलल्याशिवाय कुठेही पाठवू नये. एवढं लिहिलंत तर मी माझ्या खोट्याबद्दलही तुमच्या शेजारी उभी राहून सांगेन. दोघी मिळून शिव्या खाऊ. पूर्वी चहाची बरणी दोघींनी फोडली होती तेव्हा खाल्ल्या होत्या, तशा.

वहिनी


१ एप्रिल

पुन्हा फुलांचा गुच्छ पाठवू नका. आलेला वॉर्डात वापरून झाला. फुलदाणी नव्हती, म्हणून लघवीच्या स्वच्छ भांड्यात ठेवला. छान दिसत होता.


६ एप्रिल

वन्सं,

काल पाच तारीख होती. संध्याकाळी यांनी तुमचा निरोप सांगितला. "पुढच्या आवृत्तीत पायडल देऊ. ही चाळीस हॉस्पिटलं आधी होऊ दे. वहिनीला सांग, मी तिला विसरलेली नाही." निरोप सांगताना हे माझ्याकडे बघत नव्हते. मग म्हणाले, "घरातलं घरात ठेवलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हणाले, "थोरल्या मावशी घरातल्या नव्हत्या. त्या वॉर्डातल्या होत्या." यावर ते पेपर वाचायला लागले. पेपर सकाळचा होता आणि त्यांचा वाचून झालेला होता.

चाळीस हॉस्पिटलं म्हणजे मावशी किती, हा हिशेब तुम्ही केला नसेल. मी केला, आणि मग तुमचा संमतीचा कागद शोधला. तो कपाटात खणाच्या वर्तमानपत्राखाली सपाट ठेवलेला होता, चौदा वर्षांत तुम्ही दिलेलं सगळंच मी सपाट ठेवलंय. कलम नऊ. तुम्ही ते वाचून दाखवताना केवढ्या अभिमानाने बोलला होतात. "सहभागी व्यक्ती कधीही, कोणतंही कारण न देता माघार घेऊ शकते. तसं केल्यास तिचं बोलणं, तिची चित्रं आणि तिच्यासंबंधीची सर्व माहिती संशोधनातून काढून टाकली जाईल." वर म्हणाला होतात, "बघा, मालक तुम्ही आहात."

सोबत सहा अर्ज जोडले आहेत. पहिला माझा. बाकीचे पाच कोणाचे ते तुम्हाला सह्यांवरून कळेल. तुम्ही त्यांना क्रमांक दिले होतेत, म्हणून आम्हीही कंसात क्रमांक घातले आहेत, सोय व्हावी. मी कोणाला आग्रह केला नाही. फक्त पान सव्वीस मोठ्याने वाचलं. पेनासाठी रांग लागली.

मूळ अर्ज कागदाच्या तळाशी पत्ता होता त्या नीतिसमितीकडे गेले. तिथल्या कारकून बाईंशी मी फोनवर बोलले, अगदी सभ्यपणे. त्यांनी सांगितलं की माघारीनंतर फिल्ममधला त्या व्यक्तींचा प्रत्येक भाग नष्ट करावा लागतो. पुस्तिका बाद होते. मान्यता देणारी समिती मग पुस्तिका वाचत नाही, जे मूळ साहित्य उरलं असेल तेच समोर ठेवून बघते आणि ऐकते. मी विचारलं, "काहीच उरलं नाही तर?" त्या म्हणाल्या, "मग संशोधन नव्याने करावं लागतं. पण तुमच्या प्रकरणात एक सहभागी उरतात ना?"

हो, म्हटलं, एक उरतात.

थोरल्या मावशींना माघार घेता येत नाही. त्यांच्या वतीने त्यांची मुलगी घेऊ शकते, म्हणून मी तिच्याकडे गेले होते. ती शिवणाचं काम करते. कागद वाचला, मशीन थांबवलं आणि विचारलं, "आईचं काढलं तर तिचा आवाजपण पुसतील?" मी म्हणाले, पुसतील. ती म्हणाली, "मग आईचं राहू दे. तिने जे सांगितलं ते सांगायचं म्हणूनच सांगितलं होतं." आणि पुन्हा मशीन चालू केलं.

आता तुमच्या लक्षात येईल. आम्ही सहाजणी गेलो की अकरा दिवसांची फिल्म गेली, कारण थोरल्या मावशी त्या फिल्ममध्ये नाहीतच, त्या रजेवर होत्या. आमचं प्रत्यक्ष वागणं, जे तुम्ही ग्राह्य धरलंत, ते सगळं गेलं. हाताने लावलेला एकही ब्रेक तुमच्याकडे शिल्लक नाही. मुखपृष्ठावरच्या फोटोतून आमची सहा पावलं पुसा. सातवं ठेवा. ते कुठे उमटलंय तेवढं समितीला दिसलं की पुरे.

मीही काही सोवळी सुटत नाही. माझ्या अर्जात कारण द्यायची गरज नव्हती, तरी मी दिलंय. फिल्ममधलं काम मी शिकवलेलं आणि खोटं होतं, असं सहीनिशी लिहिलंय. त्याची एक प्रत मेट्रनच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि मला उद्या दहाला बोलावलंय. लेखी समज मिळेल की नोकरी जाईल, ते उद्या कळेल. यांना अजून सांगितलेलं नाही.

हे पाकीट बंद करताना गोड वाटलं. हे वाचताना तुमचा चेहरा कसा होईल ते मला नेमकं माहीत आहे. खालचा ओठ आत जाईल आणि डावा हात केसांत जाईल. चौदा वर्षं तुला बघितलंय, बाळी, कॅमेरा न लावता.

बारा तारखेला मी व्यासपीठावर येणार नाही, मागच्या रांगेत बसणार आहे. सहाही जणी येणार आहोत. तुमच्याकडे आता एकच बाई उरली आहे, आणि तिचं एकच वाक्य. टेप लावाल तेव्हा आवाज मोठा ठेवा. थोरल्या मावशी हळू बोलायच्या.

वहिनी